गुग्गुळाची परीक्षा

या वसंत व्याख्यानमालेचे निमंत्रण आले तेव्हा चालकांची अपेक्षा अशी होती की, आम्ही एखाद्या संपाचा किंवा कामगार चळवळीचा इतिहास सांगावा. तीस वर्षे जे केले तेच आम्हांस सांगता येईल, हा त्यांचा समज रास्त होता. परंतु आम्ही विषय निराळा मागून घेतला, आणि त्यास तसेच कारण घडले. आम्ही डॉक्टर नाही, वैद्य नाही, रसायनशास्त्राचे पदवीधरही नाही. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत. तेव्हा आज जे सांगणार आहोत त्यास कोणी अधिकारवाणी समजू नये. आमच्या हातून झालेल्या एका चुकीची ही भरपाई आहे.

गोष्ट 2014 सालची. आमचे एक सभासद सूतगिरणीत फिटर होते, वय पंचेचाळिशीचे. वार्षिक तपासणीत त्यांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल 262 निघाले आणि डॉक्टरांनी रोजची एक गोळी लिहून दिली. त्याच सुमारास गिरणीच्या फाटकाबाहेर एक गृहस्थ कसल्याशा पाल्याचा अर्क बाटल्यांत भरून विकू लागले होते. फिटरमित्रांनी गोळी सोडली व अर्क धरला. तीन महिन्यांनी आकडा 228 वर आला. ही वार्ता खात्याखात्यांतून फिरली. आम्हांलाही आनंद झाला. मोठ्या औषध कंपन्यांविषयी आमच्या मनात जो जुना राग आहे, त्याला जणू पुरावाच सापडला! आम्ही युनियनच्या फळ्यावर स्वतःच्या अक्षरात ती हकीकत लिहिली आणि खाली सही केली. पुढच्या महिन्यात चाळीसएक माणसे तो अर्क घेऊ लागली.

दीड वर्षाने फिटरमित्रांना हृदयविकाराचा झटका आला. सुदैवाने ते वाचले. आम्ही रुग्णालयात भेटायला गेलो तेव्हा ते फार बोलले नाहीत. एवढेच म्हणाले, "अण्णा, तुम्ही फळ्यावर लिहिलं होतंत, म्हणून मी निर्धास्त होतो."

झटका त्या अर्कामुळे आला असे आम्ही म्हणत नाही. गोळी चालू असती तर तो टळलाच असता, असेही म्हणत नाही. एका माणसाच्या आजारावरून असे काही सिद्ध होत नाही. पण मग एका माणसाच्या आकड्यावरून अर्काचा गुण तरी कुठे सिद्ध झाला होता? त्या तीन महिन्यांत त्यांनी पाळीवरचे वडे-भजी सोडली होती, घरापासून गिरणीपर्यंत चालत येणे सुरू केले होते. हे आम्हांस ठाऊक होते. फळ्यावर लिहिताना मात्र ते आम्ही गाळले. तेव्हापासून एक प्रश्न आमच्या मागे लागला: वनस्पतीत असा गुण आहे की नाही, हे माणसे ठरवतात तरी कसे? त्याचे उत्तर शोधताना जो इतिहास आमच्या वाचनात आला, तो पाल्याचा नसून एका डिंकाचा, गुग्गुळाचा आहे. परंतु पाला असो की डिंक, परीक्षेची वाट एकच. आणि आपल्या देशात ती वाट इतक्या लांबवर दुसऱ्या कोणत्या वनस्पतीने क्वचितच चालली असेल.

ग्रंथातून प्रयोगशाळेत

कोलेस्टेरॉल हा मेणासारखा पदार्थ. पित्ताशयातील खड्यांत तो प्रथम सापडला आणि फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल याने 1815 च्या सुमारास त्यास नाव दिले. शरीराला त्याची गरज असते व त्यातला बराचसा आपले यकृतच तयार करते. तो रोहिण्यांच्या भिंतीत साचून त्या अरुंद करतो हे प्रयोगाने दाखविले रशियाच्या निकोलाय अनिच्कोव्ह यांनी. 1913 साली सेंट पीटर्सबर्ग येथे त्यांनी सशांना सूर्यफुलाच्या तेलात कोलेस्टेरॉल कालवून खाऊ घातले. सशांच्या रोहिण्या माणसाच्या रोगट रोहिण्यांसारख्या झाल्या. ससा मुळात गवत खाणारा, त्याच्यावरून माणसाचे कसे ठरवावे, असा आक्षेप पुढे पुष्कळ वर्षे घेतला गेला. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावी 1948 पासून 5,209 स्त्रीपुरुषांची वर्षानुवर्षे पाहणी सुरू झाली, आणि रक्तातील कोलेस्टेरॉल जास्त असणाऱ्यांत हृदयविकार जास्त आढळतो, हे माणसांतच दिसून आले.

आता आपल्या देशाकडे येऊ. गुग्गुळाचे झाड म्हणजे कच्छ, सौराष्ट्र आणि राजस्थानच्या कोरड्या, खडकाळ रानातले एक काटेरी, वाकडेतिकडे झुडूप. सालीला चीर दिली की त्यातून डिंक पाझरतो. आपल्याकडे देवघरातल्या धुपात आणि वैद्यांच्या गुटिकांत तो पिढ्यान्‌पिढ्या आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात मेदोरोगाचे वर्णन आहे, मेद वाढून शरीरातील मार्ग कसे रोधले जातात याची मीमांसा आहे, आणि उपायांत गुग्गुळ सांगितला आहे. जी. व्ही. सत्यवती या संशोधिकेने हे वर्णन वाचले आणि तिला ते आधुनिक वैद्यकातील रोहिणीकाठिण्याशी मिळतेजुळते वाटले. बनारस हिंदू विद्यापीठात तिने हाच विषय घेऊन सशांवर प्रयोग केले आणि 1966 साली प्रबंध सादर केला. गुग्गुळ दिलेल्या सशांच्या रक्तातील वाढलेले कोलेस्टेरॉल उतरले, असा तिचा निष्कर्ष होता. याच सत्यवतीबाई पुढे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पहिल्या महिला महासंचालक झाल्या.

येथे क्षणभर थांबावेसे वाटते. या बाईंना दोन सोपे मार्ग उपलब्ध होते. सुश्रुतांनी सांगितले आहे, आता तपासायचे काय राहिले, असे म्हणणे हा एक. आणि जुन्या पोथीत काय असणार, असे म्हणून ती मिटून ठेवणे हा दुसरा. त्यांनी तिसरा, कष्टाचा मार्ग घेतला. ग्रंथाकडून त्यांनी प्रश्न घेतला आणि उत्तर मात्र प्रयोगाकडे मागितले. परंपरेचा याहून मोठा मान कोणता, ते आम्हांस ठाऊक नाही.

पुढचा टप्पा पुण्यात घडला. गुग्गुळातला नेमका कोणता घटक काम करतो? डिंकात नाना द्रव्ये मिसळलेली असतात, आणि एका झाडाचा डिंक दुसऱ्यासारखा नसतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत व्ही. डी. पाटील, यू. आर. नायक आणि सुखदेव यांनी त्यातील स्टेरॉइडे वेगळी केली. 1972 साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यांतील दोघांना गुग्गुलस्टेरोन असे नाव आहे. इथिल अ‍ॅसिटेट या द्रावकात डिंक घोळला की त्याचा एक भाग विरघळतो, दुसरा तळाशी राहतो. गुण आढळला तो विरघळणाऱ्या भागात, आणि तळाशी राहणारा भाग निरुपयोगी, किंबहुना अपायकारक ठरला. 'अर्क' या शब्दाचा अर्थ आम्हांस येथे प्रथम नीट कळला. पाण्यात काढलेला, मद्यार्कात काढलेला आणि अन्य द्रावकात काढलेला अर्क या तीन निरनिराळ्या वस्तू आहेत. आमच्या फाटकावरच्या बाटलीत यांपैकी काय होते, आणि दर बाटलीत तेच होते काय, हे विचारण्याचे भान आमच्यापैकी एकालाही राहिले नव्हते.

23.6 चे 11 कसे झाले

लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने या विद्राव्य भागापासून 'गुग्गुलिपिड' हे औषध सिद्ध केले. 500 मिलिग्रॅमच्या मात्रेत 25 मिलिग्रॅम गुग्गुलस्टेरोन, असे त्याचे प्रमाण बांधलेले. मग मुंबई, नागपूर, दिल्ली, बंगलोर, जयपूर, लखनौ आणि वाराणसी अशा सात ठिकाणी रोग्यांवर चाचण्या झाल्या. त्यांचा वृत्तांत 1989 साली प्रसिद्ध झाला, आणि त्यातील दोन आकडे या साऱ्या इतिहासाची किल्ली आहेत असे आम्हांस वाटते.

पहिली चाचणी उघडी होती. रोग्यालाही माहीत, डॉक्टरलाही माहीत, की गुग्गुलिपिड चालू आहे. 205 रोग्यांनी बारा आठवडे औषध घेतले. सरासरी 23.6 टक्के कोलेस्टेरॉल उतरले. दुसरी चाचणी झाकलेली होती. गुग्गुलिपिड आणि क्लोफायब्रेट हे त्या काळचे प्रचलित औषध आळीपाळीने दिले, आणि आता कोणते चालू आहे हे रोग्यासही ठाऊक नाही व डॉक्टरासही नाही. त्या चाचणीत गुग्गुलिपिडने झालेली सरासरी घट 11 टक्के भरली, आणि क्लोफायब्रेटची 10.

औषध तेच. मग 23.6 चे 11 कसे झाले? कोणी लबाडी केली असे मुळीच नव्हे. उलट दोन्ही आकडे प्रामाणिकपणे छापणाऱ्यांचे आभारच मानले पाहिजेत. उघड्या चाचणीत दुसरी बाजूच नसते. माणूस उपचार सुरू झाल्यावर पथ्य अधिक पाळतो. शिवाय ज्याचा आकडा फार चढलेला असतो त्यालाच निवडलेले असते, आणि फार चढलेला आकडा पुढच्या खेपेस आपोआप थोडा खाली येण्याकडे कल असतो. हे सारे औषधाच्या खात्यावर जमा होते.

हे तत्त्व आम्ही वैद्यकाच्या पुस्तकात शिकण्यापूर्वी कारखान्यात शिकलो होतो, हे सांगितल्यावाचून राहवत नाही. एका गिरणीत मालकांनी उत्पादन-बोनसाची नवी योजना एका पाळीला लागू केली. तीन महिन्यांनी सांगण्यात आले की, उत्पादन वाढले, तेव्हा ही योजना सर्वांना लागू करा आणि मूळ भत्ता गोठवा. आम्ही एकच मागणी केली: ज्या पाळीला योजना लागू नव्हती तिचे आकडे दाखवा. वही उघडली, तो त्या पाळीचेही उत्पादन जवळजवळ तेवढेच वाढलेले! कारण त्या महिन्यांत सूत बऱ्या प्रतीचे आले होते, तुटणे कमी झाले होते. मालकाच्या दाव्याला दुसऱ्या पाळीचे आकडे मागणारे आम्ही, आमच्या आवडीचा दावा आला तेव्हा ते मागायला विसरलो. सांगण्याची लाज वाटते, पण खरी गोष्ट हीच आहे.

क्लोफायब्रेटची हकीकतही याच संदर्भात ऐकण्यासारखी आहे. एडिंबरो, प्राग आणि बुडापेस्ट या तीन शहरांत जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने त्याची मोठी चाचणी झाली होती. 1978 साली तिचा निष्कर्ष आला. कोलेस्टेरॉल उतरले, जीवघेणे न ठरणारे झटकेही कमी झाले. परंतु एकूण मृत्यू मात्र औषध घेणाऱ्यांत अधिक आढळले. आकडा उतरणे आणि आयुष्य वाचणे या दोन गोष्टी आहेत, हा धडा वैद्यकाला असा महाग पडून मिळाला.

समुद्रापलीकडची साक्ष

1980 नंतरच्या दशकाच्या अखेरीस गुग्गुलिपिड आपल्याकडे बाजारात आले, आणि पुढे अमेरिकेतही गुग्गुळाच्या गोळ्या आहारपूरक म्हणून खपू लागल्या. 2002 साली ह्यूस्टनच्या बेलर वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी त्याच्या कार्याचा मार्ग दाखविला. कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले बनविण्याच्या यकृताच्या कामावर एक ग्राही ब्रेकसारखा लागतो; गुग्गुलस्टेरोन तो ब्रेक सैल करते. ज्या उंदरांत तो ग्राहीच नव्हता, त्यांच्यात गुग्गुलस्टेरोनचा परिणाम दिसला नाही. पोथी, ससा, रसायन, रोगी आणि आता यंत्रणा, अशी साखळी पुरी झाल्यासारखी वाटली.

आणि पुढच्याच वर्षी ती तुटली. फिलाडेल्फियात कोलेस्टेरॉल वाढलेल्या पण एरव्ही निरोगी अशा 103 माणसांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन गट केले. एकास नेहमीची मात्रा, एकास दुप्पट, आणि तिसऱ्यास हुबेहूब दिसणारी पण औषध नसलेली गोळी. नेहमीच्या मात्रेत गुग्गुलस्टेरोन तेवढेच, 25 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. आठ आठवड्यांनी पाहिले, तो ज्यास वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते एलडीएल रिकाम्या गोळीच्या गटात 5 टक्के उतरले होते, आणि गुग्गुळाच्या दोन्ही गटांत 4 व 5 टक्के चढले होते! सहा जणांच्या अंगावर पुरळ उठले. ऑगस्ट 2003 मध्ये हा वृत्तांत छापला गेला.

अमेरिकेतील माणसांचा आहार निराळा, आपला निराळा, असा आक्षेप यावर घेता येतो, आणि तो अगदीच टाकाऊ नाही. 2009 साली नॉर्वेत 43 जणांवर बारा आठवड्यांची चाचणी झाली. तीत एकूण कोलेस्टेरॉल थोडे उतरले, पण एलडीएलमध्ये फरक पडला नाही, आणि उतरले त्यात रक्षण करणारे समजले जाणारे एचडीएलही होते. म्हणून आमचे मत असे झाले आहे की, गुग्गुळाचा खटला जिंकल्याचे सांगण्याचा हक्क आज कोणालाच नाही. आहारभेदाचा आक्षेप खरा मानणाऱ्याने येथल्या माणसांवर तशीच झाकलेली चाचणी करून दाखवावी. आक्षेपाला पुराव्याची जागा घेता येत नाही.

कोणी म्हणेल, परकीयांनी आपल्या औषधाला हिणवले, कारण त्यांना स्वतःची रसायने विकायची आहेत. हा संशय आमच्याही मनात आला होता. परंतु ज्या कुळातल्या गोळ्या आमच्या फिटरमित्रांनी सोडल्या, त्या स्टॅटिन कुळाचा जन्म पाहा. टोकियोच्या सांक्यो कंपनीत अकिरा एंडो यांनी 1971 पासून बुरशांची तपासणी मांडली. सहा हजारांवर नमुने तपासल्यावर 1973 साली पेनिसिलियमच्या एका निळसर-हिरव्या बुरशीत कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखणारे द्रव्य सापडले. ती बुरशी तांदळावर वाढणाऱ्यांपैकी. म्हणजे गुग्गुळाइतकीच निसर्गाची! उंदरांना ते द्रव्य दिले तर काहीच होईना. प्रकरण बंद पडायच्या बेतात आले. मग कोंबड्यांना देऊन पाहिले आणि कोलेस्टेरॉल उतरले. दुसऱ्या एका बुरशीपासून काढलेले लोवास्टॅटिन 1987 साली अमेरिकेत औषध म्हणून मान्य झाले. 1994 साली 4,444 हृदयरोग्यांवर स्कँडिनेव्हियात झालेल्या चाचणीत सिमवास्टॅटिन घेणाऱ्यांचे मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी कमी भरले. आकडाही उतरला आणि माणसेही वाचली. नैसर्गिक विरुद्ध रासायनिक हे भांडण येथे निरर्थक ठरते. दोघांनाही एकाच कोर्टात उभे राहावे लागले, एक टिकला आणि दुसऱ्याचा निकाल लागला नाही, एवढेच.

पाल्याच्या अर्कांविषयी जे शोधनिबंध दरवर्षी निघतात, त्यांतील पुष्कळांची मजल उंदरापर्यंतच असते. उंदराला ट्रायटन नावाचे द्रव्य टोचून त्याच्या रक्तातील चरबी एका दिवसात चढवितात, अर्क पाजतात आणि उतार मोजतात. चाळणी म्हणून ही रीत ठीक आहे. पण मुळात उंदीर कोलेस्टेरॉलच्या बाबतीत माणसासारखा नाही, हे एंडो यांच्या गोष्टीतच दिसले. माणसांपर्यंत पोहोचलेल्या पाल्यांत आर्टिचोक या युरोपीय भाजीचा पाला आहे. इंग्लंडात 75 जणांवर बारा आठवड्यांच्या चाचणीत, 2008 साली, त्याच्या अर्काने एकूण कोलेस्टेरॉल 4.2 टक्के उतरले, तर रिकाम्या गोळीच्या गटात ते 1.9 टक्के चढले. हा लाभ खरा असला तरी लहान आहे. 262 असलेल्या माणसाला त्याच्या भरवशावर गोळी सोडता येणार नाही.

झाडाचे काय झाले

या साऱ्या गोंधळात एकाची बाजू कोणी मांडली नाही. खप वाढला तसा कच्छ-राजस्थानच्या रानांत गुग्गुळाच्या झाडांना अधिक खोल चिरा पडू लागल्या, चिरेत रासायनिक लेप भरण्यात येऊ लागले, की एका हंगामातच पुष्कळ डिंक निघावा. डिंक निघतो आणि झाड वाळते. आज आंतरराष्ट्रीय निसर्ग-संरक्षण संघाच्या यादीत गुग्गुळ अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. डिंक वजनावर विकला जातो, तेव्हा चीर देणाऱ्याचा हात अधिक खोल जाणार. तुकड्यावर काम करणाऱ्या माणसाचे शरीर कसे झिजते हे पाहिलेल्या आम्हांस यात नवल वाटले नाही. दोष त्या गरिबाचा नव्हे. परंतु ज्या दाव्याचा निकालच लागलेला नाही, त्यापायी एक झाड रानातून नाहीसे होत आहे आणि त्यावर जगणाऱ्याची उद्याची रोजीही त्याबरोबर जात आहे. अपुऱ्या परीक्षेची किंमत रोग्यापाशीच थांबत नाही, ती रानापर्यंत पोहोचते.

असो. फिटरमित्र आज हलक्या कामावर आहेत, गोळी नियमाने घेतात, आणि पथ्यही करतात. आम्ही त्यांची क्षमा मागितली. ते म्हणाले, "अण्णा, माझं जाऊ द्या, त्या चाळीस जणांना सांगा." तेव्हा ज्या फळ्यावर पहिली हकीकत लिहिली होती, त्याच फळ्यावर आम्ही दुसरी लिहिली. त्यात अर्कवाल्यास शिव्या नव्हत्या आणि गोळीचे स्तोत्रही नव्हते. आमची चूक लिहिली, वडे-भजी सोडल्याचे आणि चालण्याचे लिहिले, डॉक्टरांना विचारल्यावाचून कोणी गोळी बंद करू नये असे लिहिले, आणि खाली एक ओळ घातली: जो कोणी गुण सांगेल त्याला विचारा, हे न घेणाऱ्या दुसऱ्या पाळीचे आकडे कुठे आहेत? खाली पुन्हा सही केली. ती ओळ आजही दर दिवाळीला फळा रंगविल्यानंतर आम्ही नव्याने लिहितो.